इसहाकाच्या विहिरी आणि आपले बोअर



उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे दोन विनंत्या हमखास येतात. पावसासाठी मिस्साबलिदान अर्पण करावे, ही एक. दुसरी, "फादर, गावाकडे बोअर घेतोय, मशीन लावायच्या आधी जागेवर येऊन प्रार्थना करा." आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबे शहरात राहत असली तरी त्यांची चार-दोन एकर जमीन वैजापूर, गंगापूर, पैठण किंवा जालन्याच्या बाजूला आहे, तेव्हा हे बोलावणे स्वाभाविकच. तिथले दृश्य तुम्हाला ठाऊक आहे. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे खूण करतो. संध्याकाळी गाडी येते. फुटाप्रमाणे दर ठरलेला असतो. दोनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला की मालक म्हणतो, आणखी शंभर जाऊ द्या. तीनशेला थोडा ओलावा दिसतो, आणि मग पाचशेच्या आत थांबणे कोणाच्याच हातात राहत नाही. (नारळाला पाणी कळते की नाही, या वादात आम्ही पडत नाही. पाणी लागो न लागो, पाणाड्याची दक्षिणा मात्र द्यावी लागते, एवढे खरे.)

प्रार्थना आम्ही करतो, पुढेही करू. परंतु ज्या यंत्रावर आपण पवित्र पाणी शिंपडतो त्याची कथाही आपल्याला माहीत असावी. माणूस एखादा शोध एका हेतूने लावतो आणि त्यातून भलतेच काही उद्भवते, असे जगात वारंवार घडले आहे. त्याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको. या कथेचा एक महत्त्वाचा धागा साठ किलोमीटरवरच्या जालन्यातून, आणि तोही एका ख्रिस्ती मिशनमधून जातो.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. लाव्हारसाच्या थरांवर थर साचून हा खडक तयार झाला. त्यात विहीर खोदायची म्हणजे सुरुंग लावून महिनोन् महिने काम करायचे, आणि तरीही चाळीस-पन्नास फुटांखाली जाणे बहुतेकांना परवडत नसे. दाबलेल्या हवेवर चालणारे, छिद्राच्या तळाशी हातोड्यासारखे ठोके देणारे यंत्र आले आणि हे सगळे बदलले. महिन्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. १९६७ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्याविषयी आपल्या ज्येष्ठांना काही सांगण्याची गरज नाही. खडी फोडण्याची कामे, सुकडी, लाल मिलो आणि कोरड्या पडलेल्या विहिरी त्यांनी स्वतः पाहिल्या आहेत. त्या काळात बोअर हा श्रीमंतीचा विषय नव्हता. तो गावाला पिण्याचे पाणी देण्याचा, म्हणजे जीव वाचविण्याचा विषय होता.

छिद्र झाले तरी पाणी वर आणायचे कसे, हा प्रश्न राहिलाच. त्या वेळी मिळणारे बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनविलेले होते. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव त्या दांड्याला लटकू लागले, तेव्हा ते पंप मोडू लागले. सत्तरच्या दशकाच्या मध्यास पाहणी झाली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश हातपंप बंद आढळले. जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनमधील मंडळींनी या अडचणीवर काम करून मजबूत पोलादी पंप तयार केला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. त्यात आणखी सुधारणा होऊन 'सोलापूर पंप' आला. त्याच्या धर्तीवर युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांनी मिळून 'इंडिया मार्क टू' हा हातपंप घडविला. आज आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात एखादी माऊली त्याच जातीच्या पंपावर घागर भरत असेल. आपल्या मराठवाड्याने जगाला दिलेल्या वस्तूंची यादी कोणी केली तर तिच्यात हा पंप असावा, असे आम्हाला वाटते.

या पंपाने काय चांगले केले हेही सांगितले पाहिजे, कारण शोधांचे दुष्परिणाम मोजताना ते विसरले जाते. नारूचा रोग आठवा. नारूचा रोगी पायविहिरीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, फोडातून बाहेर पडलेल्या अळ्या पाण्यात मिसळत, आणि तेच पाणी पिऊन दुसऱ्या वर्षी अख्खी गल्ली अंथरुणाला खिळे. हातपंपाच्या पाण्यात कोणाचा पायच पडत नाही. पायविहिरी बंद करणे, पाणी गाळून पिणे, हातपंप बसविणे अशा प्रयत्नांना यश येऊन २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. सार्वजनिक विहिरीवर ज्यांना पोहरा टाकता येत नव्हता, कोणीतरी दया येऊन वरून ओंजळीत पाणी ओतील म्हणून ज्यांना उभे राहावे लागे, त्यांच्या वस्तीत स्वतःचे पाणी कित्येक गावांत पहिल्यांदा आले ते हातपंपाने. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो हक्क बजावला, तो खेड्यातल्या रोजच्या घागरीपर्यंत पोहोचविण्याचे थोडेफार काम या लोखंडी दांड्याने केले. आपल्या धर्मग्रामातील आजी-आजोबांना याचा अर्थ आम्ही समजावून सांगावा असे नाही.

मग बिघडले कुठे?

हातपंपाला एक मर्यादा होती आणि ती त्याच्या रचनेतच होती. ती मर्यादा म्हणजे माणसाचा दंड. मिनिटाला फार तर बारा-पंधरा लिटर पाणी येणार, आणि चार घागरी भरल्या की हात दुखू लागणार. जमिनीतील पाण्याचे रक्षण कोणी ठरवून केले नव्हते. ते आपल्या थकव्याने आपोआप केले. पुढे त्याच सहा इंची छिद्रात विजेवरचा सबमर्सिबल पंप उतरला. तो थकत नाही. शेतीची वीज किती वापरली यापेक्षा पंप किती हॉर्सपॉवरचा, यावर बिल ठरू लागले, तेव्हा तो बंद करण्याचे कारणही उरले नाही. ज्या यंत्राने गावाची तहान भागवायची, त्याच यंत्राने उसाला पाणी जाऊ लागले. छिद्र तेच, खडक तोच. फक्त माणसाचा हात मधून निघून गेला.

आपल्या खडकाचे एक वैशिष्ट्य इथे समजून घ्यावे. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि त्याखालच्या भेगांमध्ये. खोल गेल्यावर समुद्र लागत नाही. पाचशे फुटांवर जे लागते ते बहुधा एखाद्या भेगेत कित्येक वर्षांपासून अडकलेले थोडे पाणी असते. पहिल्या उन्हाळ्यात ते भरभरून येते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात संपते. दुसरे असे की, खोल बोअर वरच्या थरांतल्या पाण्यालाही खाली वाट करून देतो. शेजाऱ्याच्या विहिरीत जो पाझर येत होता तो आता आपल्या बोअरमध्ये उतरतो. शेजारी मग काय करणार? तोही बोअर घेतो, आपल्यापेक्षा शंभर फूट खोल. अशा रीतीने एका शिवारात पन्नास छिद्रे होतात आणि पाणी होते तेवढेच राहते. नाही, तेवढेही राहत नाही. सावकाराचे आणि सोसायटीचे कर्ज मात्र वाढते. कोरड्या गेलेल्या बोअरचे पैसे फेडताना मोडलेली घरे आम्ही पाहिली आहेत, आणि काही घरांत तर अंत्यविधीसाठी गेलो आहोत.

नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत काही गावांना दुसराच अनुभव आला. तिथल्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघाले. ते पिऊन मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले, मोठ्यांची हाडे ताठरली. बांगलादेशात तर याहून भयंकर घडले. तळ्यांचे घाण पाणी पिऊन मुले हगवणीने मरत होती, म्हणून सत्तरच्या दशकापासून तिथे लाखो कूपनलिका बसविल्या. त्या पाण्यात आर्सेनिक हे विष आहे, हे नव्वदच्या दशकात उघडकीस आले. मुलांना वाचविणाऱ्या पाण्यानेच कोट्यवधी लोकांच्या शरीरात सावकाश विष घातले होते. हे कोणी दुष्टपणाने केले नव्हते, हे लक्षात ठेवा. करुणेने केले होते.

इथे श्रद्धावंतांच्या मनात प्रश्न येतो. हेतू चांगला होता, फळ वाईट आले. मग पाप कोणाचे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना हा प्रश्न आम्हाला फार पुस्तकी वाटे. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलोजिए' या ग्रंथात त्यावर स्वतंत्र विचार केला आहे. परिणामामुळे कृतीचा चांगले-वाईटपणा बदलतो का, असे ते विचारतात. त्यांचे उत्तर आमच्या शब्दांत असे: परिणाम आधी दिसत असूनही जो ती कृती करतो, त्याच्या कृतीत तो परिणाम मोजला जातो. परिणाम दिसत नव्हता, तर दोन गोष्टी पाहाव्या. अशा कृतीतून तो सहसा निघतोच, की अपवादाने, योगायोगाने निघाला? सहसा निघतो तो मोजावा, योगायोगाचा मोजू नये.

हे मोजमाप आपल्या विषयाला लावून पाहा. जालन्याच्या ज्या मिशनऱ्यांनी तहानलेल्या गावासाठी पहिला पंप बसविला, त्यांना सबमर्सिबल, विजेचे बिल आणि उसाचे मळे कसे दिसणार? त्यांच्या माथी दोष मारणे अन्यायाचे आहे. पण आज, २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागलेले आपण पाहिल्यावर, आपल्याच वडिलांची विहीर आपल्याच बोअरमुळे आटलेली पाहिल्यावर, चौथा बोअर घेणाऱ्याला "मला माहीत नव्हते" असे म्हणता येईल का? शोध लावणाऱ्याचे अज्ञान खरे होते. आपले अज्ञान बहुतेक वेळा पांघरलेले असते. कायदाही आता मुका नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर वा बोअर घेऊ नये, असे १९९३ च्या कायद्याने सांगितले. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जाण्यास मनाई केली. अंमलबजावणी कशी होते, हे रात्री फिरणाऱ्या गाड्या सांगतील.

पवित्र शास्त्रात याच तऱ्हेची एक घटना आहे. रानात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा परमेश्वराच्या आज्ञेने मोशेने पितळी सर्प घडविला, आणि त्याच्याकडे पाहणारे वाचले (गणना २१). औषध देवाने सांगितलेले, घडविणारा मोशे. याहून निर्मळ हेतू कुठला? तरीही काही शतकांनी लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्किया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८). आम्हाला या राजाचे नेहमी कौतुक वाटते. मोशेची वस्तू फोडणे सोपे नव्हते. पूर्वजांना जिने तारले तीच वस्तू आज आपल्याला मारत असेल, तर ती आवरण्याचे धैर्य त्याच्याजवळ होते. आणि याच हिज्कियाने यरुशलेममध्ये तलाव बांधून नगरात पाणी आणले, असेही तोच ग्रंथ नोंदवतो (२ राजे २०). म्हणजे त्याचा राग कारागिरीवर नव्हता.

आता इसहाकाकडे वळू. उत्पत्तीचा २६ वा अध्याय हा जणू आपल्या शिवारासाठीच लिहिला आहे. इसहाकाला शंभरपट पीक आले, शेजाऱ्यांना हेवा वाटला, त्याच्या पित्याच्या विहिरी त्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने नव्याने खोदले, पाणी लागले, आणि गराराचे गुराखी भांडू लागले की हे पाणी आमचे. त्या विहिरीला त्याने एसेक, म्हणजे भांडण, असे नाव दिले आणि तो पुढे गेला. दुसऱ्या विहिरीवरही तंटा झाला. तिचे नाव सिटना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडले नाही. ती रहोबोथ, मोकळी जागा. पुढे शेजारचा राजा अबीमलेख भेटीला आला, एकत्र जेवण झाले, शपथा झाल्या. आणि त्याच दिवशी इसहाकाच्या चाकरांनी येऊन सांगितले, पाणी लागले.

पण इसहाकाजवळ पुढे सरकायला रिकामा देश होता. आपल्याला बांधापलीकडे शेजाऱ्याचाच बांध आहे. म्हणून आपण बाजूला सरकण्याऐवजी खाली सरकतो, आणि खाली रहोबोथ नाही. आपल्यापुढे एकच मार्ग राहतो, तो अबीमलेखाबरोबर बसण्याचा. नगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) हिवरे बाजारने तो करून दाखविला. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत आणि ऊस लावायचा नाही, असे ठरविले. पाऊस किती पडला, पाणी किती मुरले याचा हिशेब मांडून त्या वर्षीची पिके ठरतात. त्याच जिल्ह्यात आपल्या धर्मसभेचे एक धर्मगुरू, स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर, यांनी गावकऱ्यांसह माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडविण्याच्या कामाला वाहून घेतले. त्यातून पुढे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. छिद्र पाडण्याआधी पाणी मुरवावे लागते, एवढी साधी गोष्ट. पण ती एकट्या शेतकऱ्याला करता येत नाही, डोंगर वरच्या गावाचा असतो.

तेवढ्याने सुटलो, असेही समजू नये. पावसाचे पाणी साठवायला शेततळी आली, चांगली कल्पना. काही ठिकाणी लोक त्यात प्लास्टिक अंथरून बोअरचे पाणी उपसून साठवतात. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात वाळत घालायचे! प्रत्येक नव्या उपायाच्या पोटात अशी एक फट असते, आणि आपला लोभ ती बरोबर शोधून काढतो. २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे शिकविले. जे दुसऱ्याच्या हक्काचे आहे ते उपसून विकणे यास काय म्हणायचे, हे दहा आज्ञा पाठ असणाऱ्यांनी ठरवावे.

शहरात राहणाऱ्यांना वाटेल, हे शेतकऱ्यांचे झाले. परंतु आपल्या शहागंजचीच गोष्ट पाहा. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली, ती उत्तरेच्या डोंगरांकडून जमिनीत झिरपणारे पाणी केवळ उताराने शहरात आणी. जेवढे झिरपे तेवढेच येई. नहरीला जमिनीकडून उधार घेता येत नव्हते. पुढे शहागंजमध्ये सय्यद हुसेन अलीने मोठा हौद बांधायला घेतला. उन्हाळ्यात टंचाई झाली की तो नगरवासीयांचे हाल कमी करतो, अशी नोंद इतिहासकार खाफी खान याने करून ठेवली आहे. आज त्या बाजारातून जाताना कोणाला हौद आठवत नाही. नळाला कित्येक दिवसांआड पाणी आल्याची वर्षे आपण काढली, आणि प्रत्येक नव्या इमारतीने आधी बोअर घेतला, गच्चीवरचे पावसाचे पाणी मात्र गटारात सोडले. टँकर आला की ते पाणी कोणत्या गावच्या विहिरीतून आले, हे आपण विचारत नाही.

एक गोष्ट तातडीची आहे. कोरडा गेलेला बोअर उघडा ठेवू नका. २००६ साली हरियाणात पाच वर्षांचा मुलगा अशा छिद्रात पडला; तो वाचला, पण त्यानंतरही देशात अनेक बालके दगावली. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे बोअर तळापासून तोंडापर्यंत माती, वाळू, दगड-गोट्यांनी भरून टाकण्यास सांगितले आहे. वर पोते किंवा फरशी ठेवणे पुरेसे नाही. गावी गेलात की आपल्या शेतातले आणि शेजाऱ्याचेही छिद्र पाहून या.

या आठवड्यात कुटुंब-समूहांच्या प्रार्थनेत उत्पत्ती २६:१२-३३ वाचावे, आणि दोन प्रश्नांवर बोलावे. आपल्या घरच्या बोअरमुळे कोणाची विहीर आटली आहे का? आटली असेल तर त्या घराशी आपले बोलणे आहे का? बोअरच्या प्रार्थनेसाठी आम्हाला बोलावणाऱ्यांनी यापुढे शेजारच्या बांधावरच्या माणसालाही बोलवावे. तो आला तर आम्ही जरूर येऊ. नाही आला, तर आधी त्याच्या घरी जाऊ.